जगबुडीनंतरचा माणूस

जग बुडाल्यावर माणसात काय उरते, हा प्रश्न घेऊन पाश्चात्त्य साहित्यात गेली दोनशे वर्षे कथा-कादंबऱ्या लिहिल्या जात आहेत. कधी महामारी येते, कधी धूमकेतू येतो, कधी अणुयुद्ध होते, कधी पाऊसच पडेनासा होतो. शहरे ओस पडतात, सरकार नाहीसे होते, नोटांना रद्दीचीही किंमत उरत नाही. उरलेली दोन-चार माणसे रस्त्याने चालू लागतात आणि लेखक विचारतो, आता याला माणूस का म्हणायचे? कायदा गेला, पोलीस गेला, शेजार गेला. मग जनावरापासून याला वेगळे करणारे काय शिल्लक आहे?

प्रश्न मोठा आहे, यात शंका नाही. पण तो विचारणारा कोण आहे, हेही पाहिले पाहिजे. ‘मी माणूस म्हणून कसा टिकेन’ हा प्रश्न ज्याला जगबुडीनंतर प्रथमच पडतो, तो जगबुडीपूर्वी निर्धास्तपणे माणूस होता. त्याच्या माणूसपणाला कुणी हरकत घेतलेली नव्हती. ज्याला पाणवठ्यावर, हॉटेलच्या दारात, शाळेच्या पायरीवर रोज आपले माणूसपण सिद्ध करावे लागले, त्याच्यापुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. तो विचारतो, बुडाले ते जग कोणाचे होते? आणि तुम्ही पुन्हा उभारणार आहात ते कोणाचे असणार आहे?

जगबुडीच्या साहित्याचा इतिहास या दोन प्रश्नांच्या झगड्याचा इतिहास आहे. तो नीट समजून घेतला तर ‘माणूस म्हणजे काय’ याचे एक उत्तर हाती लागते, आणि ते आपल्या चळवळीला परके नाही.

या परंपरेच्या आरंभी मेरी शेली उभी आहे. ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणारी ही लेखिका. तिची ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी १८२६ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली. त्याआधी तिची तीन मुले गेली होती, १८२२ मध्ये पती समुद्रात बुडून मरण पावला होता आणि १८२४ मध्ये बायरनसारखा स्नेही गेला होता. तिचे स्वतःचे जग बुडालेलेच होते. कादंबरीत एकविसाव्या शतकाच्या अखेरीस एक महामारी सारी मानवजात गिळून टाकते. लायोनेल व्हर्नी नावाचा एकच माणूस उरतो. इसवी सन २१०० मध्ये तो रोमच्या ओसाड नगरीत आहे आणि सोबतीला एक कुत्रा आहे. शेवटी काही पुस्तके बरोबर घेऊन तो होडीतून समुद्रावर निघतो.

सारे मेले त्या रोगातून हा एकटा कसा वाचला? कादंबरीत एक लहानसा प्रसंग आहे. व्हर्नी रात्री आपल्या आजारी मुलाकडे धावत निघालेला असतो. वाटेत एका अंधाऱ्या खोलीत कण्हणे ऐकू येते, म्हणून तो आत जातो. तिथे महामारीने तडफडणारा एक अर्धनग्न काळा माणूस त्याचा पाय धरतो आणि त्याला मिठी मारतो. त्याचा श्वास व्हर्नीच्या छातीत जातो. व्हर्नीला किळस येते, संताप येतो. तो त्या माणसाला झिडकारून फेकून देतो आणि वर पळत जातो. पुढे तो आजारी पडतो, पण मरत नाही. त्या रोगातून उठलेला तो एकटाच.

ज्या मिठीने पृथ्वीवरचा शेवटचा माणूस घडवला, ती मिठी मारणाऱ्याला मेरी शेलीने नावही दिलेले नाही. तो कोण, कुठला, त्या घरात कसा आला, याचा पत्ता लागत नाही. मानवजातीच्या अंताची शेकडो पाने लिहिली गेली आणि त्यांत या मरणाऱ्या माणसाच्या वाट्याला चार ओळी आल्या. लेखिकेने हे जाणून केले की अजाणता, हा वाद समीक्षकांनी करावा. ज्याचा स्पर्श झिडकारला जातो त्याच्या नजरेने ही कादंबरी वाचणाऱ्याला मात्र तिचा गाभा इथेच सापडतो. शेवटच्या माणसाच्या अंगात झिडकारलेल्या माणसाचा श्वास आहे, आणि त्याला त्याची आठवणही नाही.

यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, १९१२ मध्ये, जॅक लंडनची ‘द स्कार्लेट प्लेग’ ही कथा प्रसिद्ध झाली. तिच्यात २०१३ साली एका लाल महामारीने जग ओस पडते. साठ वर्षांनंतर, म्हणजे २०७३ मध्ये, बकरीची कातडी पांघरलेला एक म्हातारा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आपल्या रानटी नातवंडांना जुन्या जगाची गोष्ट सांगतो. हा म्हातारा पूर्वी विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक होता. माझ्याच विषयाचा प्राध्यापक असल्यामुळे मी त्याच्याकडे जरा बारकाईने पाहतो.

हा प्राध्यापक कशासाठी रडतो? पुस्तकांसाठी रडतो, हे खरे. त्याने पुस्तके एका गुहेत जपून ठेवली आहेत. पण त्याचे सर्वांत मोठे दुःख निराळे आहे. उद्योगपतींच्या मंडळाच्या अध्यक्षाची नाजूक, सुसंस्कृत पत्नी एका मोटारचालकाच्या हाती सापडली आणि तिला त्याची चूल फुंकावी लागली, हे त्याला सहन होत नाही. जुन्या जगात सारी जमीन आमच्या वर्गाच्या मालकीची होती आणि अन्न पिकवणारे आमचे गुलाम होते, हेही तो सहज सांगून जातो. त्या वेळी त्याला त्यात काही गैर वाटले नव्हते. महामारी आली तेव्हा झोपडपट्ट्यांतली माणसे आमच्यावर उलटली, जनावरे झाली, अशी त्याची तक्रार आहे. त्या झोपडपट्ट्या कुणी निर्माण केल्या, हेही त्याला ठाऊक आहे. पण त्या ज्ञानाने त्याची तक्रार कमी होत नाही.

जॅक लंडन स्वतः समाजवादी होता. म्हणून या प्राध्यापकाचे बोलणे जसेच्या तसे लेखकाचे मत मानण्याचे कारण नाही. उलट लंडन त्याच्या तोंडून त्या वर्गाची जबानीच नोंदवून घेतो. हा वर्ग आपल्या विशेषाधिकारांना संस्कृती म्हणतो आणि ते गेले की माणुसकी बुडाली अशी हाकाटी करतो. पण लंडनने दुसरी बाजूही झाकलेली नाही. तो मोटारचालक त्या स्त्रीला मारतो, राबवतो. काल जो वाकत होता तो आज दुसऱ्याला वाकवतो. उतरंडीतले तळाचे मडके वर आणि वरचे तळाला गेले म्हणून उतरंड मोडत नाही. हे लक्षात ठेवणे आपल्या दृष्टीने फार आवश्यक आहे.

आता मी ज्या कथेसाठी हा लेख लिहितो आहे तिच्याकडे येतो. ती आहे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांची ‘द कॉमेट’. ती १९२० साली त्यांच्या ‘डार्कवॉटर’ या ग्रंथात आली. डू बॉइस यांचा जन्म १८६८ चा. समाजशास्त्रज्ञ, इतिहासकार, संपादक आणि चळवळीचे नेते असलेल्या या माणसाने काळ्या अमेरिकन लोकांच्या लढ्याला विचार दिला. ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हे त्यांचे पुस्तक १९०३ चे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या संस्थापकांत ते होते आणि तिचे ‘द क्रायसिस’ हे मासिक त्यांनी १९१० ते १९३४ पर्यंत चालवले. अशा माणसाने एक जगबुडीची कथा लिहावी, याला कारण आहे.

१९१० च्या मे महिन्यात हॅलेचा धूमकेतू आला होता आणि पृथ्वी त्याच्या शेपटातून जाणार होती. त्या शेपटात विषारी वायू असल्याचे शास्त्रज्ञांनी सांगितले होते. अनेक शहरांत घबराट पसरली. धूमकेतूपासून वाचवणाऱ्या गोळ्याही बाजारात विकल्या गेल्या. काहीच घडले नाही आणि लोक सुटकेचा श्वास सोडून घरी गेले. पण काळ्या माणसांना सुटकेचा श्वास सोडता येईल असे दिवस अमेरिकेत नव्हते. १९१९ च्या उन्हाळ्यात देशभर काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले. त्यांपैकी शिकागोच्या दंगलीची सुरुवात पाहा. २७ जुलैला युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा मिशिगन सरोवरात तराफ्यावर तरंगत होता. किनाऱ्यावर गोऱ्यांची जागा वेगळी आणि काळ्यांची वेगळी असे ठरून गेलेले होते. तराफा वाहत गोऱ्यांच्या बाजूला गेला. किनाऱ्यावरून त्याच्यावर दगड मारण्यात आले आणि मुलगा बुडून मेला. त्यानंतरच्या दंगलीत अडतीस माणसे मेली. पाण्यावर रेघ ओढता येत नाही असे आपण म्हणतो. पण माणसांनी पाण्यावर रेघ ओढली आणि ती ओलांडणाऱ्याला मारले. आठ वर्षांनी आपल्या महाडला चवदार तळ्यावर काय घडले ते वाचकांना सांगण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर ‘द कॉमेट’ वाचावी. जिम डेव्हिस हा न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या बँकेत निरोप्या आहे. तो बँकेच्या पायऱ्यांवर उभा असतो. समोरून माणसांचा लोंढा जातो, पण त्याची कुणी दखल घेत नाही. सगळे धूमकेतूबद्दल बोलत असतात. बँकेचा अध्यक्ष त्याला तळघराच्याही खालच्या जुन्या कोठडीतून काही दप्तर आणायला पाठवतो. तिथे जाणे धोक्याचे आहे, म्हणून जास्त मोलाच्या माणसाला न पाठवता आपल्याला पाठवले, हे जिमला कळते. तो खाली जातो. तेवढ्यात धूमकेतूचा विषारी वायू शहरावरून जातो. जिम वर येतो तेव्हा सगळे मेलेले असतात. ज्याचा जीव सर्वांत स्वस्त म्हणून त्याला जमिनीच्या पोटात ढकलले, तोच वाचतो.

आता जिमच्या मनात पहिला विचार कोणता येतो? आपण एकटे उरलो, हा नव्हे. या पैशांच्या ढिगाऱ्यात आणि या प्रेतांमध्ये आपण एकटे सापडलो तर आपल्या जिवाची किंमत काय राहील, ही भीती त्याला वाटते. साहेब मेले, शिपाई मेले, पण आरोप जिवंत आहे. जग संपले तरी जगाचा धाक त्या माणसाच्या हाडांत शिल्लक आहे. डू बॉइस यांनी हे दोनचार वाक्यांत लिहिले आहे. ते वाचून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्याला चोरीचा आळ कधी सोसावा लागलेला नसावा.

पुढे तो एका मोठ्या हॉटेलात जातो आणि स्वतःच्या हाताने वाढून घेऊन जेवतो. कालपर्यंत त्याला तिथे कुणी वाढले नसते. मग एका श्रीमंत वस्तीतून हाक ऐकू येते. ज्यूलिया नावाची गोरी तरुणी वाचलेली असते. धूमकेतूची छायाचित्रे धुण्यासाठी ती अंधाऱ्या खोलीत बसली होती. कालपर्यंत या दोघांची जगे एका शहरात असून एकमेकांना लागलेली नव्हती. दोघे मिळून आपापली माणसे शोधतात. जिमच्या वस्तीत, हार्लेममध्ये, त्याला कुणी जिवंत सापडत नाही. ज्यूलियाच्या वडिलांच्या कचेरीतही कुणी नाही. टेलिफोनच्या केंद्रात बसून ती साऱ्या जगाला हाका मारते. उत्तर येत नाही. तेव्हा आपण एका काळ्या माणसाबरोबर एकट्या आहोत हे तिच्या लक्षात येते आणि ती घाबरून पळत सुटते. रस्त्यावर प्रेतांची शांतता पाहून पुन्हा परत येते.

रात्री एका उंच इमारतीच्या गच्चीवर दोघे बसतात. कुणी जिवंत असेल तर दिसावे म्हणून जिम अग्निबाण सोडतो. हळूहळू दोघांमधली भिंत पडते. तिला तो खालचा, परका, वेगळ्या रक्ताचा वाटेनासा होतो. तिला तिथे एक माणूस दिसतो. त्यालाही आपली पाठ सरळ झाल्यासारखे वाटते. ते एकमेकांकडे हात पसरतात आणि त्याच क्षणी खालून मोटारीचा भोंगा वाजतो.

ज्यूलियाचे वडील आणि तिचा नियोजित वर आलेले असतात. मेले होते ते फक्त न्यूयॉर्क. बाकीचे जग शाबूत होते. तो तरुण जिमला पाहताच शिवी हासडतो आणि याने तुला काही केले का, असे विचारतो. जमलेल्या गर्दीत कुणीतरी त्याला फासावर लटकवण्याची भाषा करतो. याने मुलीला वाचवले, असे दुसरा कुणी सांगतो आणि प्रकरण थांबते. वडील जिमच्या हातात नोटा ठेवतात आणि नोकरी लागली तर सांग म्हणतात. ज्यूलिया त्याच्याकडे पुन्हा पाहत नाही. शेवटी गर्दीतून एक थकलेली, राबलेली काळी स्त्री पुढे येते. तिच्या कुशीत बाळाचे प्रेत असते. ती जिमला हाक मारते आणि तो हुंदका देऊन तिला मिठीत घेतो.

जगबुडीच्या बहुतेक कथांमध्ये जग संपणे हे संकट असते आणि जग परत मिळणे हा सुखान्त. डू बॉइस यांच्या कथेत हे उलटे झाले आहे. इथे जग परत येते हीच शोकांतिका आहे. जग बुडालेले होते तेवढे काही तास एक माणूस माणूस झाला होता. जग सावरले आणि तो पुन्हा निरोप्या झाला. माणसातले जनावर बाहेर यायला कायदा आणि व्यवस्था नाहीशी व्हावी लागते, असे प्रस्थापित साहित्य सांगते. डू बॉइस दाखवतात की जनावर कायदा आणि व्यवस्थेच्या हातात हात घालूनच परत आले. त्या गच्चीवर शिवी, फास आणि बक्षिसाच्या नोटा एकाच मोटारीच्या भोंग्यामागोमाग आल्या.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले निरनिराळे प्रश्न विचारतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, एवढी प्रेते उचलली कुणी?” वर्ग हसला. मला हसू आले नाही. ज्यांच्या घरात मेलेले जनावर ओढण्याची आणि गावोगाव मयताचा सांगावा नेण्याची सक्ती पिढ्यान्‌पिढ्या होती, तिथूनच हा प्रश्न येऊ शकतो. कथेत त्याचे उत्तर नाही, पण इतिहासात आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. तामिळनाडूच्या नागपट्टिणम भागात किनाऱ्यावरची प्रेते उचलण्यासाठी इतर शहरांतून सफाई कामगार आणण्यात आले. त्यांत बहुसंख्य दलित होते. मदतछावण्यांत दलितांना वेगळे ठेवल्याच्या आणि पाण्याला हात लावू न दिल्याच्या तक्रारी त्या वेळी नोंदल्या गेल्या. समुद्राने जात पाहिली नाही. समुद्र ओसरल्यावर मात्र माणसांनी सर्वांत आधी जात शोधून काढली. घरे नंतर बांधली, रेघ आधी ओढली. म्हणून त्या मुलीचा प्रश्न हा जगबुडीच्या साऱ्या साहित्याला विचारण्याजोगा आहे. माणुसकीवर पाने भरून लिहा, पण तुमच्या कादंबरीत प्रेते कोण उचलतो ते आधी सांगा.

डू बॉइस यांच्या कथेचा धागा पुढेही दिसतो. १९५९ साली ‘द वर्ल्ड, द फ्लेश अँड द डेव्हिल’ हा हॉलिवूडचा चित्रपट आला. त्याची मूळ प्रेरणा एम. पी. शील यांची १९०१ ची ‘द पर्पल क्लाउड’ ही कादंबरी असली, तरी कथेची मांडणी ‘द कॉमेट’ची आठवण करून देते. हॅरी बेलाफाँटे यांनी साकारलेला काळा नायक खाणीत अडकल्यामुळे वाचतो. न्यूयॉर्क ओस पडलेले असते. तिथे त्याला एक गोरी स्त्री भेटते. सारे शहर रिकामे, तरी तो तिच्या इमारतीत राहत नाही. वेगळ्या इमारतीत राहतो. कुणी पाहणारे नसतानाही तो पाहणाऱ्यांच्या नियमाने वागतो. मग एक गोरा पुरुष येतो, दोघांत बंदुका निघतात आणि शेवटी तिघे हातात हात धरून चालू लागतात. पडद्यावर ‘समाप्त’च्या जागी ‘आरंभ’ अशा अर्थाचा शब्द येतो. हा शेवट सोपा आहे. तिघांनी हात धरले, पण त्या हातांनी पुढे कोणते नियम केले, हे सांगायच्या आत दिवे लागतात.

ते काम १९९३ मध्ये ऑक्टेव्हिया बटलरने केले. ती १९४७ साली पॅसाडेना येथे जन्मली. वडील बूटपॉलिशचे काम करीत आणि ते ती लहान असतानाच वारले. आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण होती. मालकांच्या घरी मागच्या दाराने आत जाणारी आणि अपमान ऐकून गप्प राहणारी आई तिने लहानपणी पाहिली. ज्यांच्या आईने परक्याची भांडी घासून आपल्याला शिकवले त्या आपल्यापैकी अनेकांना ही बाई ओळखीची वाटेल. तिची ‘पॅरबल ऑफ द सोअर’ ही कादंबरी २०२४ सालात सुरू होते. ते साल आता मागे पडले आहे. कादंबरीत धूमकेतू नाही, अणुबॉम्ब नाही. पाणी पेट्रोलपेक्षा महाग झाले आहे, कंपन्या कामगारांना कर्जात अडकवून वेठबिगार करतात आणि ज्यांना जमते ते भिंती बांधून आत राहतात. जग एका दिवसात बुडत नाही. ते हप्त्याहप्त्याने बुडते, आणि गरिबांचे आधी बुडते.

लॉरेन ओलामिना ही पंधरा वर्षांची काळी मुलगी या कादंबरीची नायिका. तिला एक विलक्षण व्याधी आहे. समोरच्याची वेदना पाहिली की ती तिच्याच अंगात उठते. दुसऱ्याला मारले तर तो घाव तिला बसतो. भिंत पडते, वस्ती जळते, घरचे मरतात आणि ती महामार्गावरून उत्तरेकडे चालू लागते. वाटेत एकेक माणूस जोडत जाते. काळे, गोरे, लॅटिन, वेठीतून पळालेले बाप आणि लेकी. कुणालाही डोळे मिटून घेत नाही. रात्री पहारा असतो, हातात पिस्तूल असते आणि वेळ आली तर ती मारतेही. पण आत आलेल्याला ती पूर्ण आत घेते. शेवटी ते जमिनीच्या एका तुकड्यावर थांबतात. आपल्या मेलेल्या माणसांची नावे घेऊन ओकची झाडे लावतात आणि वस्ती उभारतात. २०२० च्या टाळेबंदीत मुलेबाळे खांद्यावर घेऊन शेकडो मैल चालत निघालेली आपली माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना ही कादंबरी अमेरिकेची वाटणार नाही.

बटलरने माणुसकी उपदेशातून सांगितली नाही. ती नायिकेच्या शरीरात घातली. लॉरेनची व्याधी ही खरे म्हणजे माणसाची निरोगी अवस्था आहे. दुसऱ्याचा घाव आपल्याला न लागणे, हा आजार आहे. हा आजार हजारो वर्षे धर्म म्हणून पाळता येतो, हे या देशात वेगळे सांगायला नको. आणि बटलरच्या वस्तीत मेलेल्यांना प्रत्येकाने स्वतः पुरले आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला साहित्याने दिलेले उत्तर मला इथे सापडले.

मेरी शेलीपासून बटलरपर्यंतचा हा प्रवास काय सांगतो? माणूसपण म्हणजे सारे गमावल्यावर आत शिल्लक राहणारा एखादा दिवा नव्हे. एकट्या माणसाला माणूसपण नसते. व्हर्नी पुस्तके घेऊन होडीत बसला तेव्हा त्याला माणूस म्हणायला कुणी उरलेले नव्हते. माणूसपण दोघांच्या मध्ये असते. जिमला ते ज्यूलियाच्या नजरेत काही तास मिळाले आणि तिने नजर फिरवताच काढून घेतले गेले. जे दुसऱ्याच्या मेहेरबानीवर मिळते ते काढूनही घेतले जाते. म्हणून ते नियमात, कायद्यात, पाण्याच्या वाटपात आणि प्रेताच्या खांद्यात रोवावे लागते. महाडला बाबासाहेबांनी सांगितले होते की, आपण तळ्यावर केवळ पाणी पिण्यासाठी जात नाही, इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जातो. प्रलयानंतरच्या माणसाविषयी एवढे नेमके विधान मी कुठल्या कादंबरीत वाचलेले नाही.

या इतिहासातला एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्याच शहरातून डू बॉइस ‘द क्रायसिस’ चालवीत होते. पुढे दुसरे महायुद्ध झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. कल्पनेतली जगबुडी प्रत्यक्षात आली. तिच्यातून उरलेल्यांनी संयुक्त राष्ट्रसंघ उभारला. नवे जग बांधले जात होते आणि त्या जगात आपल्याला जागा आहे का, हा प्रश्न अमेरिकेतल्या काळ्यांपुढे होता. १९४६ मध्ये नॅशनल निग्रो काँग्रेसने राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. काळ्यांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करीत आलो आहोत आणि तुमची व अस्पृश्यांची स्थिती सारखी आहे, असे त्यांनी त्यात कळवले. ३१ जुलै १९४६ रोजी डू बॉइस यांनी उत्तर दिले आणि अस्पृश्यांविषयी सहानुभूती व्यक्त केली. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, डू बॉइस यांनी स्वतः संपादित केलेले निवेदन राष्ट्रसंघापुढे गेले. २९ नोव्हेंबर १९४८ ला आपल्या घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. १० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला.

या दोन पत्रांकडे मी ‘द कॉमेट’चा पुढचा भाग म्हणून पाहतो. गच्चीवरून खाली उतरलेला जिम डेव्हिस बायकोला घेऊन घरी गेला, बाळाला पुरले आणि मग त्याने अर्ज लिहायला घेतला. मेलेले जग सावरत असताना ते पूर्वीसारखे सावरू द्यायचे नाही, ही त्या अर्जामागची भूमिका होती.

आज पुन्हा जगबुडीच्या कथांना दिवस आले आहेत. तापलेली पृथ्वी, आटलेल्या नद्या, नव्या साथी यांच्यावर पुस्तके निघतात, चित्रपट निघतात. आपल्या तरुणांनी ते वाचावे, पाहावे आणि स्वतः लिहावे. ज्यांच्या पूर्वजांचे जग गावकुसाबाहेर कितीदा बुडाले आणि कितीदा उभे राहिले, त्यांच्याइतका हा विषय कुणाचा आहे? मात्र लिहिताना ‘जग वाचवा’ या हाकेला एकदम ओ देऊ नये. कोणते जग, हे आधी विचारावे. उद्याच्या वस्तीत विहीर एक असेल का, पहारा सगळे पाळीने देतील का आणि प्रेताला खांदा कोण देईल, हे ज्या कथेत ठरलेले नाही त्या कथेतला माणूस अजून जन्माला यायचा आहे.